ढेकळावरची चकाकी : लेप की घासण?

काळ्या जमिनीत दीड मीटरचा खड्डा घ्यावा, मीटरभर खोलीवरचं ढेकूळ काढून हाताने मोडावं. आतली बाजू तेल लावल्यासारखी चमकते. ती चमक पाहून वहीत ‘चिकणमातीचे लेप, भरपूर’ असं लिहून मोकळं होणं मराठवाड्यात फार सोपं आहे, आणि बहुतेक वेळा ते चूक असतं. आम्ही दोन छेद घेतले. एक परभणीजवळच्या भारी काळ्या रानात, बेसाल्टवर. दुसरा नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला देगलूरकडे, जिथे बेसाल्टचं पांघरूण संपून खालचा जुना ग्रॅनाइट-नाइस खडक उघडा पडतो आणि माती लाल होते. चमक दोन्हीकडे होती. लेप म्हणावेत असे लेप लाल रानात साध्या भिंगातून दिसले. काळ्या रानात ते दिसले सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तेही चमकत्या बाजूंवर नव्हतेच.

लेप म्हणजे बाहेरून आलेला माल. पावसाच्या पाण्यात वरच्या थरातले चिकणमातीचे बारीक कण सुटे होतात, मुळांच्या आणि गांडुळांच्या भोकांतून पाण्याबरोबर खाली उतरतात. खाली कोरडी माती भोवतीने पाणी शोषून घेते आणि कण भिंतीवर गाळले जातात. हे कण पत्र्यासारखे चपटे, त्यामुळे ते आडवे, एकावर एक निजतात. शेणाने सारवलेल्या जमिनीचा पोपडा आडवा मोडून पाहिला तर जसे पदर दिसतात, तसंच हे. घासण ही वेगळी गोष्ट. काळ्या मातीतला स्मेक्टाइट (फुगणारं चिकण खनिज) पाणी पिऊन फुगतो, जागा अपुरी पडते, आणि ढेकळं एकमेकांवर तिरकी सरकतात. सरकताना तोंडं गुळगुळीत होतात. तिथे बाहेरून काहीच आलेलं नसतं. आहे तीच माती दाबली जाऊन तिचे कण एका दिशेला वळलेले असतात. मृदाशास्त्रात तिला स्लिकनसाइड म्हणतात.

खड्डा घ्यायची वेळ महत्त्वाची. नोव्हेंबर-डिसेंबर, खरीप निघाल्यावर, खालच्या थरांना वाफसा असताना. ऑगस्टमध्ये काळी माती लोण्यासारखी असते, बोट लावलं तरी चकाकी येते. मे महिन्यात भेगा मीटरभर खोल जातात, भिंत ढासळते आणि वरची भुसभुशीत माती भेगांतून तळापर्यंत पडलेली असते. ही भेगेतली भर काही जण ‘वरून खाली आलेली चिकण’ म्हणून लिहितात. ती आलेली खरी, पण भुग्याच्या रूपात कोसळलेली; पाण्याने वाहून आणलेली नाही.

मापं : लांबी दोन मीटर, रुंदी एक मीटर, खोली दीड मीटर, मुरूम आधी लागला तर तिथवर. ज्या भिंतीचं वर्णन करायचं तिच्यावर ऊन पडेल अशी दिशा ठेवायची आणि त्या बाजूच्या काठावर कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. जेसीबीने खड्डा अर्ध्या तासात होतो, पण बादलीच्या दातांनी भिंतीवर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा खोटा गिलावा बसतो. आम्ही जेसीबी वापरला तेव्हा शेवटची वीस सेंटिमीटर भिंत टिकावाने मागे सरकवली. कुदळीच्या आणि फावड्याच्या घावाचंही तेच, फक्त जाडी कमी. म्हणून भिंत साफ करताना चाकूचं पातं फिरवायचं नाही. टोकाने टोचून माती उचकटायची, वरून खाली, म्हणजे खालच्या साफ भागावर कचरा पडत नाही. भिंत तयार झाली की ती रानातून ओरबाडल्यासारखी खडबडीत दिसली पाहिजे. गुळगुळीत दिसली तर परत करा.

ढेकूळ कापायचं नाही, मोडायचं. दोन्ही अंगठे वरच्या बाजूला धरून हळूहळू ताण द्यायचा. ते आपल्या नैसर्गिक फटीवर सुटतं. मग दहापट भिंगाखाली तीन ठिकाणं पाहायची : ढेकळाची उभी तोंडं, आडवी तोंडं, आणि भोकांच्या आतल्या भिंती. लेप असेल तर तो तिन्ही ठिकाणी कमी-जास्त असतो, कारण पाणी जिथे जातं तिथे तो जातो. घासण मात्र तिरक्या तोंडांवरच असते, आडव्या पातळीशी साधारण १० ते ६० अंशांत. तिच्यावर समांतर बारीक चरे असतात. ऊन तिरपं पडू दिलं की ते चरे उठून दिसतात, आणि बोटाचं नख आडवं ओढलं तर जाणवतातही. लेपावर चरे नसतात. तो मेणबत्तीचं मेण ओघळावं तसा, कडेला थोडा जाड, मध्ये पातळ. त्याखालचे वाळूचे कण बुजलेले असतात. आणि सगळ्यात उपयोगी खूण : सुईच्या टोकाने लेपाचा पापुद्रा सुटतो, आतली माती वेगळ्या रंगाची निघते. घासणीवर सुई मारली तर आत तीच माती.

ओल्यावर एकदा आणि सुकवून एकदा पाहिल्याशिवाय नोंद करू नये. ओल्या ढेकळावर पाण्याची पापडी चमकते. ती सुकली की निम्मे ‘लेप’ गायब होतात. देगलूरच्या लाल मातीत उलटं घडलं. ओलं असताना सगळंच गडद लाल, काही वेगळं दिसेना. सावलीत रात्रभर वाळवल्यावर भोकांतले लेप भोवतीच्या मातीपेक्षा गडद, जवळजवळ लिव्हरच्या रंगाचे दिसले.

प्रमाण अंदाजाने लिहायचं. मोडलेल्या तोंडांच्या आणि भोकांच्या किती भागावर लेप आहे : ५ टक्क्यांच्या आत असेल तर ‘थोडे’, ५ ते १५ ‘साधारण’, १५ ते ४० ‘बरेच’. निदान दहा ढेकळं मोडून मग आकडा. पहिल्या दोन ढेकळांवरून लिहिलेला आकडा नेहमी जास्त निघतो, कारण हात आपोआप चमकणारं ढेकूळ आधी उचलतो.

परभणीच्या छेदात १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले तर वरपासून फेस येत होता. खाली चुनखडीचे खडे वाढत गेले. चुना असलेल्या मातीत लेप होणार नाहीत असं जुन्या शिकवणीत सांगतात, आणि त्यामागे कारण आहे : कॅल्शियम चिकण कणांचे पुंजके करून त्यांना जागीच बसवतो, ते पाण्यात तरंगत नाहीत. पण नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं वेगळा मुद्दा मांडलेला आहे. कोरड्या हवामानात कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बाहेर पडतो, उरलेल्या पाण्यात सोडियमचा वाटा वाढतो, आणि सोडियम कणांना सुटं करतो. म्हणजे चुनखडी तयार होणं आणि चिकण खाली जाणं एकाच वेळी चालू शकतं. फुगण्या-सरकण्याने सगळे लेप पुसले जातात हेही ते मान्य करत नाहीत. आमच्या काचेवर, म्हणजे काचेवर चिकटवलेल्या मातीच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली, जे दिसलं ते याच बाजूचं आहे.

काचेपर्यंत जायचं तर नमुना न हलवता काढावा लागतो. त्यासाठी कुबिएना डबी. ऑस्ट्रियन मृदाशास्त्रज्ञ वॉल्टर कुबिएना यांच्या नावावरून हे नाव आलं. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची ८ × ६ × ४ सेंटिमीटरची चौकट आणि दोन्ही बाजूंना झाकणं करून घेतली. डबी भिंतीत ठोकायची नाही. भिंतीवर तिच्या मापापेक्षा अंमळ मोठा ठोकळा चाकूने कोरायचा, चौकट त्यावर बसवायची, मग मागून कापून सोडवायचा. काळ्या मातीत डबी ठोकली तर कडेची सेंटिमीटरभर माती नव्याने दाबली जाते आणि काचेवर नवीनच घासण दिसते, आपण केलेली. झाकणावर वरच्या दिशेचा बाण आणि खोली लगेच लिहायची. बाण विसरला तर भोकाच्या तळाशी साचलेली चंद्रकोर आणि छताला चिकटलेली यांत फरक करता येत नाही. प्रत्येक थराला निदान तीन डब्या.

आता वाळवणं, आणि इथे काळी माती सगळ्यात जास्त त्रास देते. ओव्हनमध्ये टाकली तर आकसून चिरफळ्या होतात. म्हणून पाणी काढून त्याच्या जागी ॲसिटोन भरायचं. डबी २५, ५०, ७५ टक्के ॲसिटोनच्या द्रावणात प्रत्येकी दोन दिवस, मग शुद्ध ॲसिटोनमध्ये. ते चार वेळा बदललं. पाणी उरलंय का हे पाहायला मोरचूद कामी येतो. निळा मोरचूद जुन्या तव्यावर पांढरा होईपर्यंत भाजायचा (तो तवा पुन्हा स्वयंपाकात नाही) आणि नितळ ॲसिटोनच्या नमुन्यात चिमूटभर टाकायचा. निळा झाला तर पाणी आहे, अजून एक बदल. ॲसिटोन आणि भाजणं या दोन गोष्टी एका खोलीत करायच्या नाहीत. ॲसिटोनची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते.

लाल मातीला एवढं लागत नाही. तिच्यात फुगणारी चिकण कमी. सावलीत दोन आठवडे, मग ४० अंशांवर एक दिवस, झालं.

रेझिन पॉलिस्टर, फायबरग्लासची कामं करणाऱ्यांच्या दुकानात मिळतं तेच, शक्यतो रंगहीन. दुकानदार उत्प्रेरक १ ते २ टक्के घालायला सांगतो. तेवढा घातला तर अर्ध्या-पाऊण तासात दगड होतो आणि मातीच्या बारीक भोकांत काहीच शिरत नाही. आमचं प्रमाण : रेझिन १ लिटर, पातळ करायला स्टायरीन ३०० मिली, कोबाल्टचं वेगवर्धक १ मिलीहून थोडं कमी, उत्प्रेरक मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड २ मिली. क्रम मोडायचा नाही. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळून घ्यायचं, मगच पेरॉक्साइड. ही दोन एकमेकांना थेट भेटली तर भडका किंवा स्फोट होतो. दोघांना वेगवेगळ्या पिपेट, वेगवेगळ्या कपाटांत बाटल्या, आणि डोळ्यांना चष्मा. पेरॉक्साइड डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

रेझिन वरून ओतू नये, हवा आत अडकते. नमुना निर्वात डेसिकेटरमध्ये (पंपाने हवा काढता येणारं बंद भांडं) ठेवून बाजूने, डबीच्या निम्म्या उंचीपर्यंत सोडायचं आणि केशाकर्षणाने वर चढू द्यायचं. वरचा पृष्ठभाग गडद झाला की बुडवायचं. पंप पूर्ण ताकदीने लावला तर स्टायरीन उकळतं आणि बुडबुडे भोकांतच गोठतात. फेस दिसला की झडप सैल करायची. नंतर धूर खेचणाऱ्या कपाटात झाकून ठेवणं, हिवाळ्यात महिनाभर. उन्हाळ्यात खोली ४० च्या वर गेली तेव्हा हेच मिश्रण चार दिवसांत घट्ट झालं, बाहेरून कडक आणि आत चिकट, मधोमध तडा. ती खेप फेकून दिली. तेव्हापासून रेझिनचं काम डिसेंबर ते फेब्रुवारी.

ठोकळा हिऱ्याच्या पात्याने कापायचा, थंड करायला केरोसीन किंवा पातळ तेल. पाणी वापरलं तर रेझिन न पोहोचलेली चिकण फुगून उखडते. काचेवर चिकटवण्याआधी आणि नंतरही सिलिकॉन कार्बाइडच्या पावडरीवर घासणं : २२०, मग ६००, मग १०००. प्रत्येक नंबर बदलताना ठोकळा आणि हात दोन्ही धुवायचे, नाहीतर २२० चा एक कण शेवटच्या टप्प्यात आख्ख्या काचेवर ओरखडा काढतो. जाडी ३० मायक्रॉन हवी. पुस्तकी पद्धत अशी की क्रॉस केलेल्या पोलरॉइडमध्ये (एकमेकींशी काटकोनात धरलेल्या दोन ध्रुवक चकत्यांमधून) क्वार्ट्झचे कण करडे-पांढरे दिसले म्हणजे जाडी बरोबर, पिवळसर असतील तर अजून घासायचं. लाल मातीत क्वार्ट्झ ढिगाने असतो. बेसाल्टवरच्या काळ्या मातीत तो शोधावा लागतो. तिथे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचे कण पाहायचे, त्यांचाही रंग त्याच जाडीला जवळपास तोच येतो.

लाल मातीच्या काचेवर वाद नव्हता. साध्या प्रकाशात भोकांच्या कडेला लालसर-पिवळ्या, स्वच्छ, काचेसारख्या पट्ट्या, आत वाळूचा किंवा पोयट्याचा एक कण नाही. वळणावर त्यांची चंद्रकोर होते. क्रॉस पोलरॉइडमध्ये पट्टी उजळते, आणि काच फिरवली की एक काळा पट्टा तिच्यावरून झाडू फिरवावा तसा सरकत जातो. बारीक पदर मोजता येतात. गोल भोकाभोवती काळी फुली दिसते, काच फिरवली तरी फुली जागची हलत नाही.

काळ्या मातीच्या काचेवर ती फुलीही फसवते. भोकाभोवती दाबाने वळलेल्या कणांचीही फुली दिसते, फक्त फिकट. म्हणून फुलीवर न थांबता कड पाहायची. लेपाची आतली कड धारदार असते, इथून लेप, तिथून माती. घासणीला कड नसते. उजळ रेघ मातीत विरत जाते आणि तिच्या पोटात पोयट्याचे कण दिसतात. मीटरभर खोलीवरच्या चमकत्या तोंडांमधून कापलेल्या काचांवर आम्हाला असंच विरत जाणारं दिसलं. खरे लेप सापडले ते केसाएवढ्या मुळांच्या भोकांत, पातळ, पिवळट-तपकिरी. आणि त्यांचे तुकडे, जे फुगण्या-सरकण्यात मोडून मातीच्या अंगात गेले होते : पदर शाबूत, पण जवळ भोक नाही. एक अडचण अशी की बारीक चुना सगळ्या काचेवर चांदणं पडल्यासारखा चमकतो आणि चिकणीची दिशा झाकतो. वरची झाकणकाच लावायच्या आधी विरळ आम्लाचा थेंब फिरवून, धुऊन, वाळवून पाहिलं तेव्हा निम्मे तुकडे नव्याने दिसले. आम्ल लावण्याआधी त्याच जागेचा फोटो काढून ठेवायचा. चुना गेला की परत येत नाही.

अमेरिकन वर्गीकरणात अर्जिलिक थर (वरून उतरलेली चिकण साचलेला थर) म्हणायचा तर काचेवर दिशा धरलेल्या चिकणीचं क्षेत्र निदान १ टक्का लागतं. हे बिंदू मोजून ठरवतात. ४०० बिंदू मोजले तर १ टक्का म्हणजे फक्त ४ बिंदू, आणि त्यात दोन इकडे-तिकडे सहज होतात. आम्ही तीन काचांवर मिळून २,००० च्या पुढे गेलो. जोडीला चिकणीचं प्रमाण पाहतात. वरच्या थरात १५ ते ४० टक्के असेल तर खालचा थर त्याच्या १.२ पट हवा; म्हणजे लाल मातीत वर २० असेल तर खाली २४ पुरे. वर ४० च्या पुढे असेल तर सरळ ८ टक्के जास्त हवेत : काळ्या मातीत वर ५५ तर खाली ६३. भारी काळ्या जमिनीत ही उडी क्वचितच मिळते.

लेपात काय आहे हे पाहायला तो खरवडावा लागतो. वाळलेलं ढेकूळ स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, शिवणाची सुई, खाली गुळगुळीत कागद. एक्स-रे विवर्तनाच्या (खनिजं ओळखायची पद्धत) एका पट्टीला ४०-५० मिलिग्रॅम पुरतात, तेवढे गोळा करायला आख्खा दिवस जातो, आणि आतली माती थोडी येतेच. चुना सोडियम ॲसिटेटच्या ५ सामूच्या द्रावणाने काढला, सेंद्रिय भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने, मग मॅग्नेशियमने भरून पट्टी. ग्लायकॉलच्या वाफेत आलेखातलं शिखर १७ अँगस्ट्रॉमकडे सरकलं तर स्मेक्टाइट. ७ चं शिखर ५५० अंशांवर तापवल्यावर नाहीसं झालं तर केओलिनाइट (न फुगणारं चिकण खनिज). परभणीच्या लेपात जवळजवळ सगळा स्मेक्टाइट होता, भोवतीच्या मातीसारखाच. देगलूरच्या लेपात केओलिनाइट ठळक, शिवाय लोहाचे ऑक्साइड, ज्यांच्यामुळे तो रंग.

शेवटी नांगराच्या तळाबद्दल. परभणीच्या छेदात २० ते ४० सेंटिमीटरच्या पट्ट्यात वेगळेच लेप होते : मळकट, पोयट्याचे आणि कोळशासारखे काळे कण मिसळलेले, पदर अस्पष्ट, काळा पट्टा नीट फिरत नाही. हे मशागतीचे. मोकाट पाणी दिलं की उघडी, भुसभुशीत केलेली माती एकदम विरघळते आणि गढूळ पाणी जसंच्या तसं खाली मुरतं. असे लेप भोकं लवकर बुजवतात. ते होण्याची शक्यता किती, हे घरी पाहता येतं. ४-५ मिलिमीटरची वाळलेली ढेकळी काचेच्या वाटीत, न ढवळता. आम्ही दोन वाट्या ठेवल्या. गॅरेजमधल्या बॅटरीच्या (बिनक्षारी, ऊर्ध्वपातित) पाण्यात दहा मिनिटांत ढेकळीभोवती दुधाळ ढग पसरला. बोअरच्या पाण्यात ढेकळी भुगा होऊन बसली, पाणी मात्र तासाभरानेही नितळच. त्यातले क्षार कणांना सुटू देत नव्हते. म्हणून ही चाचणी बोअरच्या पाण्याने केली तर रान चांगलं असल्याचा दाखला मिळतो. जूनचा पाऊस क्षारांच्या बाबतीत बॅटरीच्या पाण्याच्या जवळचा असतो.